झाकली मूठ, कॅम्प नंबर 4

विठ्ठलवाडीत पत्ता सांगायचा म्हणजे लष्करी माहिती फोडायची. 'कॅम्प नंबर 4, स्टेशनजवळ.' दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती, फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालं. पत्त्यातला कॅम्प मात्र हलला नाही. आमचा कुरियरवाला गेली कित्येक वर्षं छावणीचा नकाशा डोक्यात घेऊन उजळमाथ्याने फिरतोय.

त्याला अजून कोणी पकडलेलं नाही.

दोन स्टेशनं पुढे अंबरनाथ. तिथे ऑर्डनन्स फॅक्टरी. संरक्षणाचा कारखाना म्हणजे 1923 च्या शासकीय गोपनीयता कायद्यातली 'प्रतिबंधित जागा'. असावी. दारूगोळ्याशी संबंध असलेल्या भिंतीसमोर सेल्फी हवी कशाला? इथवर कुणाचीच तक्रार नाही.

कायदा इंग्रजांचा. इंग्रज गेले, गुपितं ठेवून गेले. 'गुपित' कशाला म्हणायचं, याची व्याख्या मात्र या कायद्यात नाही. बहुधा तीच गुपित असावी.

व्याख्या नसली की काय होतं, ते वर्ध्याला विचारा. 2018 मध्ये तिथला एक माणूस शेजाऱ्याशी झालेल्या भांडणापायी पोलिस ठाण्यात गेला. तिथलं बोलणं तो मोबाइलवर टिपतोय, असं पोलिसांच्या लक्षात आलं. कुठला कायदा लावला असेल? शासकीय गोपनीयता! हेरगिरीचं कलम! वर्ध्यातला शेजाऱ्यांचा वाद रावळपिंडीला कळला असता म्हणजे?

2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कायद्यातली यादी वाचली. शस्त्रागार आहे, छावणी आहे, खाण, जहाज, विमान आहे. पोलिस ठाणं नाही. गुन्हा रद्द.

यादी वाचायला चार वर्षं लागली.

ठाण्यात कसली गुपितं असतात, हे उल्हासनगरकरांना सांगायला नको. 2 फेब्रुवारी 2024 ला हिललाइन पोलिस ठाण्यात, थेट वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये, गोळ्या सुटल्या. आरोपी सत्ताधारी पक्षाचा आमदार, जखमी मित्रपक्षाचा कल्याणमधला नेता. सीसीटीव्हीचं चित्रण दुसऱ्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्राने चहाबरोबर पाहिलं. नागरिकाने शूटिंग केलं तर हेरगिरी, ठाण्यातलंच बाहेर आलं तर ब्रेकिंग न्यूज.

पुन्हा अंबरनाथला चला. जून 2021 मध्ये केंद्राने ठरवलं, देशभरच्या 41 ऑर्डनन्स कारखान्यांच्या सात कंपन्या करायच्या. कामगारांनी बेमुदत संपाची तयारी केली. त्यात लाल बावटा होता, काँग्रेसची संघटना होती आणि संघपरिवारातल्या मजदूर संघाचेही लोक होते. एवढी एकी तर आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरवरूनही होत नाही.

सरकार घाबरलं असेल? छे. 30 जूनला वटहुकूम काढला. नाव भारदस्त: अत्यावश्यक संरक्षण सेवा. बेकायदा संप केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. चिथावणी दिली तर दोन वर्षांपर्यंत किंवा 15 हजारांपर्यंत, नाहीतर दोन्ही. आणि संप म्हणजे काय? इथे मात्र व्याख्या अगदी तपशिलात. गुपिताला एक ओळ मिळाली नाही, संपाला परिच्छेद मिळाला. सगळ्यांनी मिळून किरकोळ रजा टाकली तरी संप. सेवा चालू ठेवायला गरजेचा असलेला ओव्हरटाइम नाकारला, तरी संप.

म्हणजे पोराला ताप आलाय, आज लवकरची लोकल पकडतो म्हणणारे दहा-बारा फिटर एका रात्रीत देशाच्या सुरक्षेला धोका.

ऑगस्टमध्ये लोकसभेने या वटहुकुमाचं विधेयक गदारोळात, आवाजी मतदानाने मंजूर केलं. गदारोळ कामगारांसाठी नव्हता हो. तो पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा. सरकार लोकांच्या फोनमध्ये डोकावतंय का, असा प्रश्न होता. उत्तर काय आलं? सांगता येत नाही, राष्ट्रीय सुरक्षा. आणि समोर मंजूर काय होत होतं? राष्ट्रीय सुरक्षा. प्रश्नही त्याच पोत्यात, उत्तरही त्याच पोत्यात.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये सुनावलं, की राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं म्हणून सरकारला दर वेळी फुकट पास मिळणार नाही. हे वाक्य पासधारकांना लगेच कळतं. आम्ही पास विसरलो तर टीसी दंड लावतो, 'घरी आहे' म्हणून भागत नाही. सरकारचं भागलं. न्यायालयाच्या समितीने 29 फोन तपासले, पाचांत काहीतरी घातक सापडलं, ते पेगॅससच का ते ठरलं नाही. सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, असं खुद्द सरन्यायाधीशांनी सांगितलं.

अहवाल कुठे आहे? बंद लिफाफ्यात.

ऑर्डनन्सचं पुढे काय झालं? 1 ऑक्टोबर 2021 ला सात कंपन्या झाल्या. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी नागपूरच्या यंत्र इंडियाकडे गेली. गावातला दुसरा संरक्षण कारखाना चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कंपनीकडे. आणि तो कडक कायदा? त्याची मुदतच एक वर्षाची होती. देशाची सुरक्षा बारा महिन्यांत उरकली म्हणायची.

आता राज्याची पाळी. विशेष जनसुरक्षा विधेयक. बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या, बदल बोटांवर मोजण्याइतके झाले. 10 जुलै 2025 ला विधानसभेत आवाजी मतदान. विरोधात उभे राहिले कोण? डहाणूचे माकपचे एकटे विनोद निकोले. बाकीच्या विरोधी पक्षांचा घसा त्या दिवशी बसला होता बहुतेक.

'बेकायदेशीर कृत्या'च्या व्याख्येत कायदा मोडायची शिकवण देणं आहे, रेल्वे-रस्ते अडवणंही आहे. मग शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर 20 ऑगस्ट 2024 ला बदलापूरच्या रुळांवर उतरलेली माणसं कुठे बसवायची? तेव्हा तर लाठीमार, अटका आणि इंटरनेट बंद एवढ्यावर भागलं होतं.

'हे फक्त नक्षलवाद्यांसाठी आहे, तुम्हाला कसली भीती?' असं मुंबईहून सांगतात. उल्हासनगरला हे सांगू नये. टाडाही फक्त दहशतवाद्यांसाठीच होता. पप्पू कलानी टाडाखाली आत होते, 1995 मध्ये तुरुंगातूनच उल्हासनगरचे आमदार झाले. टाडाची मुदत त्याच वर्षी संपली, आमदारकीची चालू राहिली.

जाता जाता, त्या 1923 च्या कायद्यात आणखी एक सोय आहे. शत्रूच्या उपयोगाचा वाटला तर रेल्वेमार्गही अधिसूचना काढून प्रतिबंधित ठरवता येतो. सरकार, काढाच आमच्या मार्गासाठी एक. नाहीतर राहू द्या. संध्याकाळी सात वाजता कल्याणला कर्जत लोकलमध्ये चढलेला हेर विठ्ठलवाडीला उतरून दाखवू दे. दारातली मंडळी त्याला तसाच अंबरनाथपर्यंत नेतील. तिथे उतरून तो कुजबुजत ऑर्डनन्सचा पत्ता विचारील. रिक्षावाला भर चौकात ओरडेल, "बसा, बसा! अजून एक सीट भरली की निघालोच."