चष्म्याचे छत्तीस गुण

गेलेल्या माणसाची छत्री, काठी, कोट कुणाला तरी देऊन टाकता येतात. चष्म्याचं मात्र काय करावं ते सुचत नाही. त्यातून कुणीतरी वर्षानुवर्षं पेपर वाचलेला असतो, जावयाला आपादमस्तक निरखलेलं असतं. तो टाकवत नाही. अमेरिकेत अशा चष्म्यांना फार पूर्वीच वाट मिळाली. १९३२ साली न्यू जर्सीतल्या शॉर्ट हिल्स गावी जुलिया टेरी या बाईंनी जुने चष्मे गोळा करायला घेतले. लायन्स क्लबांना तर हेलन केलर यांनी १९२५ सालीच अंधांचे शिलेदार व्हा म्हणून साद घातली होती. पुढे त्यांच्याही पेट्या जागोजागी दिसू लागल्या. चष्मे पेटीत पडत, धुतले जात, यंत्राखाली त्यांचा नंबर काढला जाई आणि पाकिटांवर तो लिहून खोकी गरीब देशांकडे निघत.

इथवर सगळं मंगल आहे. पण उजवा उणे सव्वातीन, डावा उणे दीड, त्यात सिलिंडर, त्याचा अक्ष १७० अंशांवर, असा चष्मा एकदा मालकावेगळा झाला की त्याला दुसरं स्थळ मिळणं कठीण. पत्रिका जुळवणं त्यापुढे सोपं. तिथे अठरा गुणांवर तरी भागतं. इथे नंबर जुळला तर बुबुळांमधलं अंतर जुळत नाही, अंतर जुळलं तर नाक आड येतं, आणि सगळंच जुळलं तर ती चमचमत्या खड्यांची फ्रेम लावून शेतावर कसं जायचं, हा प्रश्न उरतो. २०१२ साली काही संशोधकांनी असे २७५ चष्मे तपासले, तर जेमतेम ७ टक्के वापरण्याजोगे निघाले. सगळा खर्च धरता ते नव्या तयार चष्म्यांपेक्षा महाग पडले. उलट आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना साधे, नवे, जवळचे चष्मे दिले, तेव्हा त्यांची पानं खुडण्याची गती बाकीच्यांहून सुमारे २२ टक्क्यांनी सरस ठरली. दोन पानं आणि एक कळी, पण आधी ती दिसायला तर हवी!

हिशेब स्पष्ट आहे: चष्मे नकोत, पैसे द्या. पण पैसे म्हटलं की हात खिशापाशी घुटमळतो आणि नाकपट्टीवर हिरवट डाग पडलेला वडिलांचा चष्मा मात्र चटकन पुढे होतो. तेव्हा पेटीवरच्या कार्यकर्त्यानं तो दोन्ही हातांनी घ्यावा, "कुणाच्या तरी नक्की उपयोगी पडेल हो" म्हणावं, आणि जाता जाता एका नव्या चष्म्याचे पैसेही मागून घ्यावेत. एवढ्या थापेला माझी हरकत नाही.