आबा धंद्याचे दात बघतात

कुणी बैल घ्यायला निघालं की ज्याला मोटरसायकलवर मागं बसवून न्यायचं, असा एक पारखी पालम तालुक्यात गावोगाव असतो. स्वतःच्या दावणीला शेळी नसते, पण लाल कंधारी गोऱ्हा चार पावलं चालला की त्याचा कुठला पाय अधू आहे ते सांगतो. ट्रॅक्टर आले, बैल घटले, तरी हे आबा बेकार झाले नाहीत. पोरं आता ऑनलाइन धंदे विकत घ्यायला निघालीत आणि आबांना सोबत न्यायची सवय काही मोडलेली नाही.

परवा एकाला पुण्याचं साड्यांचं ऑनलाइन दुकान घ्यायचं होतं. इन्स्टाग्रामवर ऐंशी हजार फॉलोअर. मालक व्हिडिओ कॉलवर. आबांनी बशीतला चहा संपवून पहिला सवाल टाकला, "एवढं चाललंय, तर इकायलास कामून?"

"पर्सनल रीझन आहे."

आबांनी मान डोलावली. लाथाड्या बैलाच्या मालकाच्याही घरी बाजाराच्या दिवशी हटकून पोरीचं लग्न निघालेलं असतं.

मालकानं कमाईचे स्क्रीनशॉट पाठवले. आबा म्हणाले, "फोटू नको. बँकेचं ॲप उघड आन माझ्यासमोर खाली सरकव." मग जीएसटीचं तीन-बी रिटर्न मागवलं. रिटर्नमधली विक्री आणि बँकेतली जमा यांची तोंडं दोन दिशांना. फॉलोअर ऐंशी हजार, लाइक चाळीस. "शिंगं रंगवलेली दिसतेत," आबा पुटपुटले. "जाहिरात पंधरा दिवस बंद ठेव, मग किती ऑर्डरी येतात ते सांग."

मालकानं विषय बदलला. आबांनी त्याला क्यामेरा फिरवायला लावला. मागं कॅश ऑन डिलिव्हरीच्या परत आलेल्या पार्सलांची छताला टेकलेली थप्पी, अन् मधल्या फटीत मांजर झोपलेलं.

"साडी नेसून बोलती ती बाई कोण?"

"माझी मिसेस."

"सौद्यात त्या हायत का?"

"नाही हो!"

"मग गिऱ्हाईक कुणाकडं बघून येणार?"

खातं विकणं-घेणं इन्स्टाग्रामच्या नियमातच बसत नाही, हे पोराला ठाऊक नव्हतं. आबांनाही नव्हतं. पण जनावर घेताना दावं कुणाच्या हातात आहे हे बघायची खोड जुनी. "ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?"

"मेहुण्याच्या."

"बरं. किंमत?"

"तीन वर्षांचा नफा."

"तीन वर्सं जगंल का ह्यो?" असं म्हणत आबांनी सवयीनं उपरणं हातावर टाकलं, खालून बोटं पुढं केली आणि मोबाईलच्या काचेवर आपटली. क्षणभर थांबले. मग शांतपणे म्हणाले, "असा भाव होत नसतो. मार्गशीर्षात माळेगावच्या जत्रेला या. खंडोबासमोर, रुमालाखाली बोलू."

पुण्याच्या माणसानं लोकेशन मागितलं.