४६ नगांची पेटी

घरच्या घरी गाडी दुरुस्त करायचं ठरलं की आपला माणूस आधी बॉनेट उघडत नाही, मोबाइल उघडतो आणि पान्यांची पेटी मागवतो. चारशे रुपयांत ४६ नग, म्हणजे नगाला नऊ रुपयेसुद्धा नाहीत! त्यातले निम्मे स्क्रूड्रायव्हरचे बिट. त्या मापाचा स्क्रू गाडीत सापडेलच असं नाही, पण पेटी कशी गच्च भरलेली दिसते. खरं तर १०, १२, १४, १७ आणि १९ नंबरच्या चांगल्या गोट्या आणि एक दणकट हँडल एवढ्यावर घरचं बरंचसं काम निभतं. पण सुट्या पान्यांचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर शोभत नाही ना!

मग चाकाचा नट अडतो. स्वस्तातली बारा कोनांची गोटी, त्यात लोखंड मऊ. जोर लावला की ती नटाचे कोपरे खाते आणि नट गोल. तो छिन्नीने फोडायचे पैसे मेकॅनिक वेगळे घेतो, हसायचे घेत नाही.

काही शूर तर नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली सरपटतात. खाली स्टँड लावायला सांगा, उत्तर ठरलेलं: ‘‘उगाच खर्च कशाला?’’ सीट कव्हर मात्र सहा हजारांचं.