ड्रायव्हर पाहिजे

प्रतिस्पर्ध्याला सोलापुरात एक ड्रायव्हर हवा आहे. टेम्पो चालवता येणारा, स्थानिकास प्राधान्य, पगार मुलाखतीनंतर. पूर्वी असली जाहिरात फक्त ड्रायव्हर वाचत. आता ती एका मसाला कंपनीच्या नव्याकोऱ्या एआय टूलनं वाचली आणि सोमवारच्या अहवालात लाल चौकटीत टाकली: ‘प्रतिस्पर्धी विस्ताराच्या तयारीत. कर्नाटक प्रवेशाची शक्यता. विश्वासार्हता: उच्च.’

लगेच मीटिंग. एकच ड्रायव्हर का मागवला? गनिमी कावा! स्थानिक का? म्हणजे रस्ते आधीच ठरलेत. पगार जाहीर का केला नाही? बजेट अफाट असणार. जेवणाआधी स्वॉट झालं, जेवणानंतर नकाशा आला आणि सोलापुरातून विजयपूर, कलबुर्गीकडे लाल बाण सुटले. ड्रायव्हरची अजून मुलाखतही झाली नव्हती, पण पीपीटीत तो टेम्पोसकट सीमा ओलांडून गेला होता. पुढच्या सोमवारी जाहिरात गायब. टूल म्हणालं, ‘विस्तार योजना गुंडाळली. विश्वासार्हता: उच्च.’ साहेबांनी पेढे मागवले. आपण टूल घेतल्याची कुणकुण लागली म्हणून ते टरकले, असंही एक जण म्हणाला. जुना ड्रायव्हर मुलीच्या लग्नाला गावी गेला होता आणि लग्न उरकून परत आला, हे तिथल्या भुसार बाजारातल्या हमालालाही ठाऊक होतं.

टूलचा दोष नाही. ते बिचारं वेबसाइटी, जाहिराती, गिऱ्हाइकांचे शेरे वाचतं, मागच्या आठवड्याशी ताडून पाहतं आणि फरक सांगतं. त्या कामात ते माणसाला ऐकायचं नाही. पण मसाला काय वेबसाइटवर संपतो का हो? तो संपतो कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. तिथं प्रतिस्पर्ध्यानं शंभर ग्रॅमचं पाकीट कधीच नव्वदचं केलंय, भाव तोच. वेबसाइटवर फोटो जुनाच, म्हणून टूल दर सोमवारी ‘किंमत स्थिर’ लिहितं. 2011च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे निव्वळ वजन पाकिटावर छापावंच लागतं. छापलेलं आहेही, फक्त पाकीट हातात घ्यावं लागतं. दुकानदाराला बारावर एक फुकटची स्कीम चालू आहे, तीही तोंडी. हे सगळं कंपनीच्या सेल्समनला माहीत आहे. तो काउंटरवर कोपर टेकून ‘काय शेठ, त्यांचं काय चाललंय?’ एवढंच विचारतो आणि चहा संपेपर्यंत शेठ सगळं ओकतो. या माणसाचा पेट्रोल भत्ता कंपनीनं बंद केला! का? तर टूलची वर्गणी डॉलरमध्ये, वर 18 टक्के जीएसटी, आणि पैसे कुठून तरी काढायचे होते. डॉलरवाल्याला ‘जरा कमी करा’ म्हणायची कुणाची छाती नाही, आणि भर उन्हात दुचाकीवरून बार्शी-करमाळा करणाऱ्याकडून मात्र वर्षानुवर्षं लिटरालिटराची पावती घेतली. पंपावर शाई उडालेली पावती मिळाली तरी तिचे पैसे कापले. लाज नाही वाटत?

आता टूलला ‘जमिनीवरची माहिती’ पुरवायचं ठरलंय. सेल्समननी रोज वीस दुकानांच्या रॅकचे फोटो काढून अ‍ॅपवर चढवायचे. मोबाइल त्यांचा, डेटा त्यांचा, पेट्रोलही आता त्यांचंच. पहिल्याच आठवड्यात फोटो निम्म्यावर आले. टूलनं तत्काळ निदान केलं: सोलापूर जिल्ह्यातली निम्मी किराणा दुकानं बंद पडली आहेत. त्यावर शुक्रवारी मीटिंग आहे.