तुसासकट शुद्ध

(पुण्यातली पिठाची गिरणी. संध्याकाळ. दळणाच्या डब्यांची रांग. हौशी गृहस्थ खांद्यावरची पिशवी उतरवतात.)

गृहस्थ : हे बारीक दळून द्या. खपली गहू आहे. थेट सांगलीच्या शेतकऱ्याकडून मागवलाय.

गिरणीवाला : (मूठभर घेऊन) साहेब, हे दळायचं नाही, पेरायचं आहे.

गृहस्थ : म्हणजे?

गिरणीवाला : तुसासकट आलाय की हो. साधा गहू मळणीत सुटतो. याचं कणीस पेरापेरानं मोडतं, पण दाणे आत तसेच राहतात. हे बघा, एकात दोन. (नखानं सोलून दाखवतो.)

गृहस्थ : तरीच! सकाळी घरघंटीत घातला, तर जाळी बुजली आणि स्वयंपाकघरभर कुसळंच कुसळं. आता घंटी आणि मी, दोघांनाही घरात थारा नाही.

आजी : (रांगेतून) सडल्याशिवाय घातलास होय रे?

गृहस्थ : आजी, मी व्हिडिओ बघितला होता. जर्मनीत असाच तुसाचा गहू असतो, डिंकेल म्हणतात. तिथला माणूस हातचक्कीला रबराची तबकडी लावतो, तूस आपोआप निघतं.

आजी : आमच्याकडे तबकडीच्या जागी सासू होती. गव्हाला पाण्याचा हात लावायचा, जरा मुरू द्यायचा, मग उखळात घालून मुसळ. कांडा, पाखडा, उरलेलं परत कांडा. मुसळ जोरात हाणलंस तर दाण्याचा चुरा. हलकं मारलंस तर तूस जागचं हलत नाही. हात दुखले की समजायचं, खिरीपुरता झाला.

गृहस्थ : तुम्हाला याची थोरवी ठाऊक नाही. १९२२ साली अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी तांबेऱ्याचे प्रकार ओळखायला गव्हाचे बारा वाण निवडले, त्यात आपला खपली होता!

गिरणीवाला : त्यांनी तो दळला का?

गृहस्थ : नाही, पेरला.

गिरणीवाला : मग मी काय म्हणत होतो?

गृहस्थ : बरं, पण हा ग्लूटेनमुक्त तरी आहे ना?

गिरणीवाला : कोण म्हणतं? गहूच तो. गल्लीतल्या एका पोराला डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केलाय. त्याच्या आईला मी खपलीसुद्धा दळून देत नाही.

गृहस्थ : निदान स्वस्त तरी पडला. सोललेल्यापेक्षा किलोमागे बरेच पैसे वाचले.

गिरणीवाला : किती घेतलात?

गृहस्थ : तीस किलो.

गिरणीवाला : यात वजनाचा पाव हिस्सा तरी तूस धरा, थोडं जास्तच. म्हणजे सात-आठ किलो तूस तुम्ही गव्हाच्या भावानं घेतलंत, वर भाडं भरून पुण्यात आणलंत.

गृहस्थ : मग शेतकऱ्यानं मला सांगितलं का नाही?

आजी : तू विचारलंस का? त्याला वाटलं असेल, शहाणा माणूस आहे, साठवायला नेतोय. तुसात असला की किडा लवकर लागत नाही. आम्ही असाच भरून ठेवायचो आणि सणापुरता सडायचो.

गृहस्थ : तुमच्या दगडातच होणार नाही का? जरा अंतर वाढवून?

गिरणीवाला : होतं. वरचा दगड उचलून धरायचा, म्हणजे दाणा रगडला जातो, फुटत नाही. पण मग वारा देऊन तूस उडवायला हवं. इथे उडवलं तर सगळ्यांच्या ज्वारीत जाईल.

आजी : माझी पुढेच आहे हं!

गिरणीवाला : ऐकलंत? खपली सडायचं मशीन असतं, तिकडेच गावाकडे. पुढच्या वेळी तिथूनच सडून मागवा. मजुरी लागेल, ती द्या. तीच तर खरी किंमत.

गृहस्थ : आणि या तीस किलोचं काय?

आजी : उखळ माझ्याकडे आहे. हात तुझे.

गिरणीवाला : पाण्याचा हात लावलात तर उन्हात खडखडीत वाळवून आणा. ओलसर गहू दगडाला चिकटतो. आणि सोमवारी येऊ नका, गिरणी बंद असते.