संधी विद्यार्थ्यांपासून सुरक्षित कशी ठेवावी

वाशीमसारख्या जिल्ह्यात हायस्कूलच्या मुलांना संधीच नसतात, ही समजूत प्रथम सोडून द्यावी. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातले चारच जिल्हे त्या यादीत आहेत. यादीत नाव आलं की योजना येतात, योजना आल्या की परिपत्रकं येतात, आणि परिपत्रकं आली की ती कुठं ठेवायची हा प्रश्न येतो. शिष्यवृत्त्या आहेत, विज्ञानाचे पुरस्कार आहेत, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे दहावीला मिळणारे वाढीव गुण आहेत, ‘महाज्योती’ या सरकारी संस्थेचं नीट-जेईईचं मोफत प्रशिक्षण आणि त्यासोबतचा टॅबलेटही आहे. नसलेली वस्तू कुणीही नाकारू शकतो. मुबलक असलेली वस्तू मुलांच्या हाती लागू न देणं, हे मात्र शिकून घ्यावं लागतं. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, लिपिक, संस्थाचालक आणि काही अंशी पालक यांच्या सोयीसाठी ही पद्धत इथं क्रमवार मांडली आहे.

सराव म्हणून एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकातील विद्यार्थ्यांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती घ्यावी. नवशिक्याला हीच सोयीची. केंद्र सरकारची ही योजना २००८पासून चालू आहे. सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत आठवीत शिकणारं, सातवीत ५५ टक्के मिळवलेलं आणि साडेतीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातलं कुठलंही मूल परीक्षेला बसू शकतं. अनुसूचित जाती-जमातींना टक्क्यांत सवलत आहे. बौद्धिक क्षमतेचा नव्वद गुणांचा एक पेपर, शालेय विषयांचा नव्वद गुणांचा दुसरा. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. कोरडवाहू सोयाबीनवर चालणाऱ्या घरात ही रक्कम मुलीचं शिक्षण दहावीनंतर पुढं रेटायला पुरते, त्यामुळं प्रकरण गांभीर्यानं हाताळायला हवं. आणखी एक अडचण अशी की महाराष्ट्राच्या वाट्याच्या ११,६८२ शिष्यवृत्त्या जिल्हावार वाटून दिलेल्या आहेत. वाशीमच्या मुलाची स्पर्धा पुण्याच्या क्लासवाल्या मुलाशी नसून रिसोडच्या नाही तर मानोऱ्याच्या मुलाशी आहे. ‘आपल्या पोरांचा तिथं काय निभाव लागणार’ हे परंपरागत वाक्य इथं लागू पडत नाही. तरीही ते म्हणत राहावं. कोटा कसा वाटतात हे कुणी विचारायला येत नाही.

या सगळ्यात आपल्या बाजूनं एक भक्कम तरतूद आहे: विद्यार्थ्याला एनएमएमएसचा अर्ज स्वतः भरता येत नाही. तो शाळेच्या लॉगिनमधूनच जातो. विज्ञानातल्या इन्स्पायर-मानक पुरस्काराचं नामांकन शाळाच करते, आणि चित्रकलेच्या वाढीव गुणांचा प्रस्ताव अमरावतीच्या विभागीय मंडळाकडे शाळेनंच पाठवायचा असतो. ‘महाज्योती’सारख्या ठिकाणी मूल स्वतः नोंदणी करू शकतं, पण तोवर ते दहावीपर्यंत पोहोचलेलं असतं. तेरा-चौदाव्या वर्षी सरकार आणि मूल यांच्यामध्ये दार एकच, आणि त्याची कडी आतून शाळेच्या हातात. म्हणून ‘विद्यार्थीच उदासीन आहेत’ हा खुलासा निर्धास्तपणे द्यावा. जी गोष्ट कानावरच आली नाही, तिच्याबद्दल उत्साह दाखवणं मोठ्यांनाही जमत नाही. शेतकऱ्याला पीकविम्याची मुदत कुणी सांगितली नाही तर तोही उदासीनच दिसतो.

वेळेचं गणितही अनुकूल आहे. पुण्याच्या परीक्षा परिषदेतून निघालेलं पत्र शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख असं पायरी-पायरीनं उतरत मुख्याध्यापकांपर्यंत येतं. प्रत्येक पायरीवर त्याला नवं आवरणपत्र जोडलं जातं, आणि मूळ मजकूर त्या ढिगात शेवटी सापडतो. अर्जाचे दिवस साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरचे, परीक्षा डिसेंबरअखेर. म्हणजे सोयाबीनची सोंगणी आणि उत्पन्नाचा दाखला एकाच पंधरवड्यात. आई-बाप शेतात, पोरगं लहान भावंडांपाशी, आणि दाखल्यासाठी तलाठ्यापासून सेतू केंद्रापर्यंतच्या चकरा. दिवाळीनंतर तांडे ऊसतोडीला निघाले की पालकांची सही मिळण्याची शक्यताही त्यांच्यासोबत जिल्ह्याबाहेर जाते. सूचना जुलैत दिली, तर दाखले पेरणीनंतरच्या मोकळ्या दिवसांत निघून जातील. ही चूक करू नये. सूचना अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात द्यावी आणि ‘उद्या कागद आणा’ असं सांगावं.

आता परिपाठ. इथंच खरा धोका आहे, कारण शाळेत रोज असा एक प्रसंग येतो की सगळी मुलं एका जागी, उभी आणि गप्प असतात. अमेरिकेतल्या हायस्कुलांत सकाळी ध्वनिक्षेपकावरून दिवसभराच्या सूचना वाचतात: कुठल्या शिष्यवृत्तीची मुदत कधी संपते, कुठली स्पर्धा आहे, नाव कुणाकडे द्यायचं. आपल्याकडे त्याहून जुनी आणि भरघोस व्यवस्था आहे. प्रार्थना, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि बातम्या. २०२३पासून त्यात राज्यगीताचीही भर पडली. एवढ्या मजकुरात एक वाक्य सहज घुसू शकतं. ते घुसू नये म्हणून बातम्या शक्य तितक्या लांबून आणाव्यात. ‘देशोन्नती’ किंवा ‘लोकमत’ची अकोला आवृत्ती हाती घेतलेल्या मुलाला पहिल्या पानावरचे मथळे वाचायला सांगावं: मंत्रिमंडळाची बैठक, परदेशातलं युद्ध, भारताचा डाव. आतल्या पानावर, निविदेच्या जाहिरातीशेजारी छापलेली अर्जाची मुदत ही बातमी नाही, हे त्याच्या मनावर बिंबवावं. दिनविशेषाचीही मदत होते. त्यात जन्म आणि मृत्यूच येतात. शिष्यवृत्तीची मुदत संपणं हा कुणाचा मृत्यू धरला जात नाही. या रीतीनं मंगरूळपीरच्या आठवीतल्या मुलीला जपानच्या पंतप्रधानांचं नाव पाठ होतं, आणि आपल्या शाळेत एनएमएमएसचा फॉर्म कुणाकडे मिळतो हे ठाऊक होत नाही. सामान्य ज्ञान वाढल्याचा आनंद दोन्ही बाजूंना राहतो.

‘आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, माहिती काय लपून राहते?’ असा आक्षेप येईल. हा आक्षेप घेणारा आपला मित्रच समजावा. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दहाला पीडीएफ टाकली की सूचना दिल्याचा पुरावा तयार होतो, आणि ती सकाळपर्यंत शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते. फोन बापाचा, बाप वावरात, बारा पानांची पीडीएफ कोण उघडणार? उघडलीच तर भाषा राखणदारीला आहे. ‘उपरोक्त विषयान्वये पात्र विद्यार्थ्यांनी विहित मुदतीत’ इथं सुरू झालेलं वाक्य पैशाच्या आकड्यापर्यंत पोहोचेस्तोवर वाचणारा थकतो. सूचना फलकावर लावायची असेल तर काचेच्या, कुलूपबंद फलकावर, ऑफिसच्या आतल्या भिंतीला लावावी. किल्ली लिपिकाकडे असावी आणि लिपिक तालुक्याला गेलेला असावा.

दुसरा आक्षेप असा थट्टेवारी नेता येत नाही. शिक्षक म्हणतात, आमच्याकडे वेळ कुठं आहे? यू-डायसची माहिती, पोषण आहाराची रोजची नोंद, आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळवणं, मतदारयाद्यांचं काम, त्यात लिपिकाचं पद रिकामं. हे रडगाणं नाही, वस्तुस्थिती आहे. आणि अर्ज बुडवणाऱ्या शाळांत कामचुकार शाळांपेक्षा दमलेल्या शाळाच जास्त निघतील. फॉर्म भरायला, कागद तपासायला दिवस जातात, हे मान्यच केलं पाहिजे. पण फॉर्म भरणं आणि फॉर्म आहे असं सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्याला चार वाक्यं लागतात: रक्कम किती, कोण बसू शकतं, कुठले दाखले, कुठल्या तारखेपर्यंत. ती रोज परिपाठ घेणारा विद्यार्थीच वाचू शकतो, शिक्षकाला तोंडही उघडावं लागत नाही. कामाच्या ओझ्याचा बचाव वापरायचा असेल, तर ही दोन कामं कुणी वेगळी करणार नाही याची दक्षता घ्यावी.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा: नुसती माहिती देऊन काही होत नाही. यात तथ्य आहे आणि ते आपल्या उपयोगाचं आहे. अमेरिकेत गरीब घरच्या हुशार मुलांना कॉलेजांची माहिती टपालानं पाठवण्याचा प्रयोग २०१३च्या सुमारास गाजला. पुढं तोच प्रकार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला, तेव्हा परिणाम दिसला नाही. पण मिशिगन विद्यापीठानं वेगळी तऱ्हा केली. गरीब पण गुणवान मुलांना, त्यांच्या पालकांना आणि मुख्याध्यापकांना नावानिशी पत्र धाडलं की तुझी निवड झाली तर फी माफ, आधी कागदपत्रांचा डोंगर चढायची गरज नाही. नवा पैसा जवळपास काहीच नव्हता, यातल्या बहुतेकांना मदत एरवीही मिळालीच असती. तरी अर्जांचं प्रमाण २६ टक्क्यांच्या जागी ६८ टक्के झालं. यातून आपण धडा घ्यायचा तो असा: माहिती सर्वांना, मोघम आणि जड भाषेत द्यावी, ती निरुपद्रवी असते. एखाद्या मुलीला नावानं हाक मारून ‘तुला सातवीत ६८ टक्के आहेत, तू बसू शकतेस, वर्षाला बारा हजार मिळतात’ असं मात्र चुकूनही सांगू नये.

इन्स्पायर-मानकबद्दल फार लिहायला नको. शाळेनं मुलांच्या पाच नवकल्पना पाठवायच्या, निवडलेल्या मुलाला १०,००० रुपये मिळतात. शेवटच्या रात्री पाच नावं आणि इंटरनेटवरच्या पाच कल्पना जुळवल्या की काम भागतं. मुलांना विचारलं तर ती सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टिकवायची युक्ती वगैरे सांगत बसतात आणि पोर्टल बंद होतं.

इतकं करूनही एखादं मूल पास होतंच. कुणी आगाऊ शिक्षक शाळा सुटल्यावर मुलांना बसवतो, स्वतःच्या गाडीवर सेतू केंद्रात नेतो, आणि निकालात शाळेचं नाव येतं. अशा वेळी गडबडून जाऊ नये. शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, संस्थेच्या अध्यक्षांना मध्ये उभं करावं, वाशीमच्या वार्ताहराला फोटो पाठवावा. कारण खेळ अजून संपलेला नाही. शिष्यवृत्तीचं दर वर्षी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नूतनीकरण करून घ्यावं लागतं. बँक खात्याला आधार जोडलेलं लागतं, शाळेची पडताळणी लागते, मग जिल्ह्याची. दहावीला ६० टक्के लागतात. अकरावीला मूल अकोल्याला जातं. तिथं ते विनाअनुदानित कॉलेजात गेलं तर नियमातच बसत नाही, आणि अनुदानित कॉलेजात गेलं तर जुनी शाळा म्हणते, ते आता आमचं नाही, नवी म्हणते, यांचा फॉर्म आम्ही कुठं भरला होता? यातलं काहीही त्याला सत्काराच्या दिवशी सांगू नये. फोटो मात्र पुढच्या वर्षीच्या प्रवेशाच्या फ्लेक्सवर जरूर वापरावा. त्याला नूतनीकरणाची अट नाही.