पंचवीस नंबरचं दार

दिंद्रुड गावातल्या सेवा केंद्रात ऑनलाइन फॉर्म भरताना ई-मेलचा रकाना आला, की शेतकरी केंद्रचालकाकडे बघतो आणि केंद्रचालक स्वतःचाच ई-मेल ठोकून मोकळा होतो. पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोरीचा नर्सिंगचा प्रवेश, सगळं एकाच इनबॉक्सात. त्याच इनबॉक्सात कापूसवाल्या गावासाठी विमानतळावरच्या लाउंजचं फुकट कार्ड, दुबईतला फ्लॅट आणि टक्कल घालवायचं तेल. अर्जातली त्रुटी कळवणारा मेल सापडतो, पण मुदत संपल्यावर.

हा कचरा अडवत का नाही विचारलं, तर इंटरनेट पुरवठादार म्हणतो, आम्ही नुसते हमाल, पोत्यात काय आहे ते बघत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधलं मध्यस्थाला संरक्षण देणारं कलम 79 त्याला तोंडपाठ. त्याच कलमातली योग्य दक्षता घेण्याची अट मात्र आठवत नाही. मोंढ्यातला हमाल निदान पोतं ओलं लागलं तर ओरडतो!

आता दाराचं बघा. मेल सर्व्हर एकमेकांशी पोर्ट 25 या दारातून बोलतात. घरगुती ग्राहकाला त्या दाराशी काही कामच नसतं. त्याचा मेल सहसा 587 वरून, पासवर्ड दाखवून जातो. घरच्या संगणकात व्हायरस शिरला, की तो मात्र 25 मधूनच थेट मेलचा मारा करतो. म्हणून घरगुती जोडण्यांवर हे दार लावून घ्यायचं, हे जगभरात कित्येक पुरवठादारांनी केव्हाच केलंय. आपल्याकडे विचारा. कुठलं दार? पंचवीस नंबरचं? ते टेक्निकलवाले बघतात. टेक्निकलवाले म्हणतात, वरून आदेश लागतो. वरचे म्हणतात, तिकीट नंबर सांगा. मग तिकीट आपोआप बंद होतं आणि सेवा कशी वाटली म्हणून पाच तारे मागणारा मेल येतो. आणि हेच लोक, ज्यांना कोण काय पाठवतंय ते दिसत नाही, रिचार्ज रात्री बाराला संपला की अंधारात नेमकी दिंद्रुडचीच जोडणी शोधून तोडतात!

फोनवरच्या जाहिरातींसाठी निदान 2018 ची नियमावली आहे, तक्रारीला 1909 नंबर आहे. ई-मेलच्या स्पॅमसाठी स्वतंत्र कायदाच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम 66अ मध्ये त्रासदायक, फसव्या मेलसाठी पोटकलम होतं. 2015 मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर अख्खं कलमच रद्द झालं आणि स्पॅमवाला आयता सुटला.

उरला उपदेश: अनोळखी लिंक उघडू नका, सावध राहा. कोणी? तर कोयता घेऊन कर्नाटकातल्या उसाच्या फडावर गेलेल्या माणसाने, ज्याचा ई-मेलसुद्धा त्याचा नाही. पुरवठादाराने का नाही? दुबईच्या फ्लॅटच्या चित्रांनाही डेटा लागतो, म्हणजे या पोत्याची हमाली 18 टक्के जीएसटीसह दिंद्रुडच्याच माथी!